परदेशातून आपत्तीसाठी मदत मागायच्या वाटा: सातारा-सांगलीतल्या छोट्या संस्थांसाठी परखड आढावा

निकाल आधीच सांगून टाकू. पाटण, जावळी किंवा शिराळ्याच्या डोंगरात दरड कोसळली आणि टीव्हीवरची बातमी दोन दिवसांत संपली, तर परदेशात हात पसरायला आज पाच-सहा वाटा आहेत. बहुतेक वाटांची किल्ली छोट्या स्थानिक संस्थेच्या हातात नसते. जी एक वाट थेट चालता येते, तिच्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही, कारण तिच्यावर इंग्रजी सादरीकरण करावं लागत नाही. बाकीच्या वाटा निरुपयोगी आहेत असं नाही. पण तिथे आपण मागणारे नसतो, मागणाऱ्याला माहिती पुरवणारे असतो. हा फरक न कळल्याने पहिला आठवडा फुकट जातो.

कसोटीला जुलै २०२१ घेऊ. २२ जुलैच्या रात्री पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे इथे दरडी कोसळून माणसं गाडली गेली. त्या दिवसांत महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला होता. आपल्याकडे महसूल खातं ६५ मिलिमीटरलाच अतिवृष्टी म्हणतं. पण त्याच दिवशी महाड तालुक्यातलं तळिये गाडलं गेलं आणि चिपळूण बुडालं. कॅमेरे कोकणात गेले. सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ४५ फुटांची धोका पातळी ओलांडून ५४ फुटांच्या वर गेलं, त्यामुळे घाटाच्या अलीकडे जे थोडं लक्ष होतं तेही नदीकाठाला गेलं. पाटणच्या वाड्या मधल्या मध्ये राहिल्या.

दुर्लक्षाची यंत्रणा कशी चालते तेही पाहा. आपत्तींची जगभर वापरली जाणारी नोंद म्हणजे बेल्जियममधल्या विद्यापीठातून चालणारी ईएम-डॅट. तिच्यात यायला चारपैकी एक अट पुरते: १० मृत्यू, १०० बाधित, आणीबाणीची घोषणा किंवा आंतरराष्ट्रीय मदतीचं आवाहन. पाटण या अटींत सहज बसतं. पण नोंद देश आणि घटना या हिशोबाने होते, तालुक्याच्या हिशोबाने नाही. एकाच पावसाची आपत्ती एका ओळीत जाते आणि परदेशातल्या देणगीदाराला दिसतो तो 'महाराष्ट्र, पूर आणि दरडी'. आपत्तींना ग्लाइड नावाचा क्रमांकही मिळतो. दोन अक्षरी प्रकार, वर्ष, सहा आकडे आणि देशाची तीन अक्षरं अशी त्याची रचना. पुराला एफएल, दरडीला एलएस, दुष्काळाला डीआर. आपल्या प्रत्येक इंग्रजी कागदावर हा क्रमांक पहिल्या ओळीत घाला. तिकडचा माणूस गावाचं नाव शोधत नाही, क्रमांक शोधतो. पूर म्हणून क्रमांक निघाला असेल आणि तुमची आपत्ती दरडीची असेल, तर तोच क्रमांक देऊन पुढे 'याच पावसात दरडी' असं स्पष्ट लिहा. नाहीतर बोटी आणि पंप देऊ करणारे फोन येतात.

(जत, आटपाडी, माणमधल्या मंडळींनी इथे हसायला हरकत नाही. दुष्काळाला कोड आहे, पण कोसळल्याची तारीख नाही. आणि तारीख नसलेल्या आपत्तीला पहिल्या ७२ तासांतली कुठलीच वाट लागू होत नाही.)

एफसीआरए: पाचपैकी दोन गुण

परदेशी पैशाचं मुख्य दार म्हणजे विदेशी अंशदान (परदेशी देणगी) विनियमन कायदा, २०१०, म्हणजेच एफसीआरए. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि त्या तीन वर्षांत मूळ कामावर १५ लाख रुपये खर्च झालेले हवेत. केंद्र सरकारच्या दर्पण या संस्था-नोंदणी पोर्टलचा क्रमांक हवा, अर्ज एफसी-३ए. तालुक्यातली कितीतरी मंडळं आणि युवक संस्था १५ लाखांच्या अटीवरच अडतात, कारण त्यांचं काम श्रमदानाचं असतं आणि श्रमदानाची पावती नसते.

दुसरा मार्ग पूर्वपरवानगीचा, अर्ज एफसी-३बी. त्याला एका ठरावीक देणगीदाराचं रक्कम आणि हेतू लिहिलेलं पत्र लागतं. कायद्यात निर्णयाची मुदत साधारण ९० दिवसांची आहे. जुलैत दरड, ऑक्टोबरात परवानगी. ताडपत्रीसाठी हा मार्ग नाही. घरबांधणीसाठी आहे, आणि तिथे तो वापरावा.

पैसा पहिल्यांदा येणार तो फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यात, संसद मार्गावर. खातं उघडायला दिल्लीला जावं लागत नाही, जवळच्या शाखेतून कागद जातात. तिथून पैसा आपल्या वापराच्या खात्यात वळवता येतो. प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत. वार्षिक विवरण एफसी-४, ३१ डिसेंबरपर्यंत. ज्या वर्षी पैसा आला नाही त्या वर्षीचंही, शून्याचं. चांगल्या संस्थांची नोंदणी इथेच धोक्यात येते: पैसा आलाच नाही तर कशाला भरायचं, असं म्हणून विवरण राहून जातं.

पण सगळ्यात मोठी गोम कलम ७ मध्ये आहे. सप्टेंबर २०२०च्या दुरुस्तीपासून एफसीआरए असलेली संस्था परदेशी पैसा दुसऱ्या कोणत्याही संस्थेला देऊ शकत नाही, त्या संस्थेची नोंदणी असली तरीही. पूर्वी पुण्या-मुंबईची मोठी संस्था पैसा आणायची आणि पाटणच्या छोट्या संस्थेकडे द्यायची. ती पद्धत बंद झाली. आता मोठ्या संस्थेने स्वतः खरेदी करून स्वतः वाटप करायचं. स्थानिक संस्था याद्या देईल, रस्ता दाखवेल, गोदामाला समाजमंदिर मिळवून देईल. पैसा मात्र तिच्या खात्यात येणार नाही. मग काही हुशार लोक स्थानिक संस्थेकडून 'समन्वय सेवा' असं बिल काढतात. हे करू नका. लेखापरीक्षणात ते पैसे वळवल्यासारखंच दिसतं आणि अडचणीत दोन्ही संस्था येतात. टेम्पोवाल्याचं बिल टेम्पोवाल्याच्या नावाने, किराण्याचं बिल किराणा दुकानाच्या नावाने, दोन्ही थेट मोठ्या संस्थेच्या नावावर. एवढंच सरळ ठेवा.

भारतीय पासपोर्टची वाट: पाचपैकी साडेचार

हीच ती दुर्लक्षित वाट. परदेशात राहणारा, पण भारतीय पासपोर्ट असलेला माणूस स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देणगी देतो तेव्हा ती विदेशी अंशदान धरली जात नाही. एफसीआरए नसलेली नोंदणीकृत संस्थाही ती घेऊ शकते. कराडचा पोरगा दुबईत, मिरजेची भाची जर्मनीत, विट्याचे गलाई व्यवसायातले नातलग आणखी कुठे. या जिल्ह्यांना अशी माणसं शोधायला लांब जावं लागत नाही.

अटी मात्र काटेकोर पाळा. पैसे देणाऱ्याच्या एनआरई किंवा एनआरओ खात्यातून (अनिवासी भारतीयांची भारतातल्या बँकेतली खाती) रुपयांत येऊ द्या. परदेशी बँकेतून थेट स्विफ्टने आलेली रक्कम साध्या खात्यात अडकते, बँक हेतू विचारते, आणि उत्तर देईपर्यंत आठवडा जातो. पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची स्वसाक्षांकित प्रत आणि 'मी भारतीय नागरिक आहे, रक्कम माझ्या वैयक्तिक बचतीतली आहे' असं एका ओळीचं पत्र ईमेलने आधी घ्या, पावती नंतर फाडा.

घोळ होतात ते तीन ठिकाणी. एक, परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसांना मिळणारं ओसीआय कार्ड. कार्डावर 'भारतीय' लिहिलेलं असलं तरी तो माणूस परदेशी नागरिक आहे. त्याची देणगी विदेशीच. तो गणपतीला गावी आला आणि मंडळाच्या हातात रुपयांच्या नोटा ठेवल्या, तरी विदेशीच. चलन कुठलं हे महत्त्वाचं नाही, देणारा कोण हे महत्त्वाचं. दोन, तिकडचं महाराष्ट्र मंडळ. शंभर भारतीय पासपोर्टवाल्यांनी मंडळाच्या खात्यात पैसे जमवले आणि मंडळाने एकरकमी पाठवले, की देणारी संस्था परदेशी झाली. मंडळाला सांगा, फक्त निरोप पोचवा, प्रत्येकाला आपापल्या खात्यातून पाठवू द्या. तीन, कंपनी. भाचीच्या कंपनीने तिच्या देणगीएवढी भर घातली तर तिची रक्कम चालते, कंपनीची भर चालत नाही.

आणि देणारा परदेशी नागरिक असेल, पण ज्याचं घर पडलं त्याचा सख्खा नातेवाईक असेल, तर संस्थेला मध्ये आणूच नका. नातेवाइकाने नातेवाइकाला थेट पाठवावं. २०२२च्या बदलानंतर वर्षाला १० लाखांपर्यंत सरकारला कळवायचीही गरज नाही.

अर्धा गुण कापला, कारण ज्या वाडीतून कोणी परदेशी गेलेलंच नाही तिला या वाटेचा उपयोग नाही. धनगरवाड्यांच्या बाबतीत हे हमखास होतं. म्हणून पैसा गावाच्या नावाने न मागता खोऱ्याच्या नावाने मागा.

स्टार्ट फंड आणि रेड क्रॉस: साधनं उत्तम, किल्ली दुसऱ्याकडे

स्टार्ट नेटवर्क या मदत संस्थांच्या आंतरराष्ट्रीय जाळ्याचा निधी २०१४ पासून नेमका अशाच आपत्तींसाठी आहे: छोट्या, मध्यम, ज्यांच्याकडे मोठे देणगीदार बघत नाहीत. सदस्य संस्था सूचना देते, आणि त्यापासून ७२ तासांत पैसे मंजूर होऊ शकतात. हा वेग दुसरीकडे मिळत नाही. पण सूचना फक्त सदस्य संस्थाच देऊ शकते आणि काम ४५ दिवसांत संपवावं लागतं. राशन, ताडपत्री, रोख मदत, पाण्याची सोय एवढं त्यात बसतं. घर बसत नाही, शेतातला गाळ काढून बांध घालणंही बसत नाही. शिवाय पैसा भारतात येताना पुन्हा एफसीआरएचाच उंबरठा ओलांडतो.

रेड क्रॉसचा आपत्कालीन निधी, डीआरईएफ, १९८५ पासून आहे आणि त्याची रचनाही छोट्या आपत्तींना धरून केलेली आहे. मागणी करायचा अधिकार राष्ट्रीय सोसायटीचा, म्हणजे दिल्लीतल्या इंडियन रेड क्रॉसचा. जिल्हा शाखेचे अध्यक्ष पदसिद्ध जिल्हाधिकारी असतात. त्यामुळे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाला दिलेलं निवेदनच जिल्हा रेड क्रॉसच्या नावानेही द्या. एक प्रत जास्त, बाकी कष्ट तेवढेच.

या दोन्ही ठिकाणी तुमचं काम एकच: पहिल्या २४ तासांत एक पान माहिती. ज्या मोठ्या संस्थेकडे ती तयार पोचते, तिची सूचना आधी जाते. पानावर काय हवं ते पुढे येतं.

रिलीफवेब, उपग्रह आणि बाकीचं

रिलीफवेब हे संयुक्त राष्ट्रांच्या मानवतावादी कार्यालयाचं संकेतस्थळ, १९९६ पासूनचं. संस्थांना तिथे आपला परिस्थिती अहवाल देता येतो. पैसे मिळत नाहीत, पण दुसरी कोणतीही संस्था तुमची आपत्ती खरी आहे का हे तपासताना इथेच बघते. दोन पानी नीट इंग्रजी अहवाल इथे असणं हे दहा व्हॉट्सअप फॉरवर्डपेक्षा मोलाचं. अहवालात आकडा आणि त्याचा स्रोत शेजारी शेजारी द्या: 'तहसील कार्यालय, अमुक तारीख, अमुक वेळ'.

उपग्रहाच्या नकाशांसाठी आंतरराष्ट्रीय सनद आहे आणि इस्रो तिची सदस्य आहे, पण ती अधिकृत यंत्रणाच कामाला लावू शकते. तुम्हाला फुकट मिळतं ते युरोपच्या सेंटिनेल-१ चं रडार चित्र. रडार ढगांतून पाहतं, म्हणून पलूस-वाळव्याच्या पुराला फार उपयोगी. डोंगरातल्या अरुंद दरडीला मात्र ते कमी पडतं. तिथे ढग हटल्यावर सेंटिनेल-२ चं १० मीटर बारकाव्याचं छायाचित्र बघा, आधीचं आणि नंतरचं. हिरव्या उतारावरचा तपकिरी ओरखडा कोणालाही समजतो.

लोकवर्गणीची परदेशी पोर्टलं चकचकीत असतात आणि पैसे तिथेही एफसीआरए असलेल्याच संस्थेला मिळतात. बातमीत नसलेल्या गावाला अनोळखी माणूस वर्गणी देत नाही. देतात ते ओळखीचेच. मग पोर्टलचं शुल्क कशाला, हा प्रश्न विचारून बघा.

संयुक्त राष्ट्रांच्या सर्फ या आपत्कालीन निधीच्या मागे छोट्या संस्थेने लागू नये, तो पैसा त्यांच्याच संस्थांना मिळतो. सरकारी पातळीवर भारताचं धोरण ठरलेलं आहे: परदेशी मदतीचं आवाहन करायचं नाही, दुसऱ्या देशाने आपणहून देऊ केली तर विचार करायचा. २०१८ मध्ये केरळच्या महापुरात परदेशी सरकारांची मदत घेतली गेली नाही. मात्र २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री सहायता निधीला एफसीआरएची परवानगी मिळाली. ओसीआय नातलगांना आणि तिकडच्या मंडळांना द्यायचंच असेल तर आता ही कायदेशीर जागा आहे. तुमच्याच वाडीसाठी राखून ठेवलेला पैसा तिथून मिळेल, अशी अपेक्षा मात्र धरू नका.

एक पान

आता मुख्य वस्तू. बहुतेक आवाहनं अशी असतात: 'शेकडो कुटुंबं उद्ध्वस्त, सढळ हाताने मदत करा.' यावर परदेशातला कार्यक्रम अधिकारी काहीच करू शकत नाही. त्याला गुणाकार करता येईल असं काहीतरी हवं असतं.

समजा एका वाडीतली ५० कुटुंबं, २५० माणसं, जिल्हा परिषदेच्या शाळेत आणली आहेत. मदतकार्याच्या आंतरराष्ट्रीय स्फिअर मानकांप्रमाणे माणशी रोज १५ लिटर पाणी, म्हणजे ३,७५० लिटर. दहा हजार लिटरचा टँकर अडीच दिवसांच्या वर पुरतो, म्हणून आठवड्याला तीन फेऱ्या लिहा आणि डिझेलसह दर लिहा. सोबत टाक्या लिहायला विसरू नका; टँकर येतो आणि पाणी ओतायला भांडंच नसतं, हे दरवेळी होतं. पाणी शुद्ध करायला टीसीएल (ब्लीचिंग पावडर) ग्रामपंचायतीकडे असते, पण पोतं उघडं राहिलेलं असेल तर तिचा दम गेलेला असतो. क्लोरीन तपासायचा संच यादीत घाला.

जागा माणशी साडेतीन चौरस मीटर. वीस बाय पंचवीस फुटांची वर्गखोली म्हणजे साधारण ४६ चौरस मीटर, तिच्यात १३ माणसं बसतात. प्रत्यक्षात साठच्या वर झोपलेली असतात. हे तसंच लिहा: 'चार खोल्या, गरज वीसची'. हा एक आकडा दहा फोटोंचं काम करतो. संडास सुरुवातीला ५० माणसांमागे एक, नंतर २० मागे एक. म्हणजे आज पाच, महिन्याने तेरा. बायकांचे वेगळे, दिवा आणि आतून कडी असलेले.

ताडपत्री मागताना आकार लिहा. मदत संस्थांची ठरलेली ताडपत्री चार बाय सहा मीटरची असते, कुटुंबाला दोन. स्थानिक बाजारातली पातळ निळी प्लास्टिक घाटातल्या वाऱ्यात टिकत नाही, काजाच्या जागी फाटते. दोरी, खिळे आणि बांबू वेगळे लिहा. ताडपत्र्यांचा गठ्ठा येऊन पडतो आणि बांधायला सुतळी मिळत नाही.

प्रत्येक ओळीला पुरावा जोडा. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायकाच्या सह्यांचा संयुक्त पंचनामा, महसूल मंडळाचा पावसाचा आकडा, अक्षांश-रेखांश असलेले फोटो. घराचा फोटो एकाच कोपऱ्यातून काढा, म्हणजे महिन्याने पुन्हा तिथूनच काढता येतो. मृतांचे फोटो पाठवू नका. कुटुंबांची यादी रेशनकार्डाच्या आधारे करा, पण आधार क्रमांक आणि मोबाइल नंबर देणगीदाराकडे जाणाऱ्या प्रतीतून काढून टाका. आणि सरकार काय देतंय तेही लिहा. मृताच्या वारसांना चार लाख मिळतात हे लपवलं आणि तिकडच्याला नंतर कळलं, तर पुढचं पत्र वाचलं जात नाही.

वस्तूंचं काय? परदेशातून वस्तू मागवूच नका. वस्तूही विदेशी अंशदानात मोडतात, वर सीमाशुल्काची भानगड, आणि जुन्या कपड्यांच्या आयातीवर तर निर्बंधच आहेत. २०१९च्या महापुरात सांगलीत देशातूनच कपड्यांचे ढीग येऊन पडले होते. तांदूळ, डाळ, चादरी, भांडी सगळं कराड-सांगलीच्या बाजारात मिळतं आणि ते तिथे घेतलं तर बुडालेला दुकानदारही उभा राहतो.

घरं

दरडीची आपत्ती पुरापेक्षा वेगळी ठरते ती इथे. पूर ओसरतो, घर धुऊन परत राहता येतं. दरडीखालची जागा परत राहण्यासारखी उरत नाही. त्यामुळे खरी मोठी मागणी घराची असते आणि ती सहा महिन्यांनी येते, जेव्हा विचारणारं कोणी उरलेलं नसतं. देणारे तयार असतात, पण ते तीन कागद मागतात. जागा सुरक्षित असल्याचा भूवैज्ञानिक अहवाल, जागा गावठाण म्हणून मंजूर झाल्याचा जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश, आणि लाभार्थ्यांची ग्रामसभेने मंजूर केलेली यादी. यातला पहिला कागद नसताना दुसरा निघत नाही, आणि दुसऱ्याशिवाय एफसी-३बीला जोडायचं देणगीदाराचं पत्र मिळत नाही. म्हणून ताडपत्र्या वाटत असतानाच तहसीलदारांकडे जागेच्या पाहणीचा अर्ज द्या, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या पाहणीची मागणी त्यात नावानिशी लिहा, आणि आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली पोच घेऊन ठेवा. पर्यायी जागा गायरान असेल तर गट नंबर आणि सातबारा त्याच अर्जाला जोडा. वनखात्याची असेल तर दुसरी जागा शोधायला आजच लागा.